‘विंडोज मारून द्या’ : कोटेशनमध्ये न छापलेल्या किमतीचा इतिहास

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना पुढेमागे झालेलं थोडं नीट केलंय, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे.

आजचा विषय किल्ल्यांचा नाही, पेशव्यांचाही नाही. आजचा विषय आहे विंडोज. म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमधली ऑपरेटिंग सिस्टिम, तिची किंमत, तिच्यात मिळणाऱ्या सोयी, आणि त्यावर आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनी गेल्या तीस वर्षांत काय काय म्हटलं, हे. निमित्त असं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या नाशिकमध्ये एम. जी. रोडवर, कॅनडा कॉर्नरला, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहा, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. “विंडोज ११ टाकून मिळेल का? आणि कितीला?”

यातल्या “कितीला” या शब्दाकडे नीट बघा. गिऱ्हाईक विंडोजची किंमत विचारत नसतं. ते विचारतं टाकण्याची मजुरी. हा फरक आला कुठून, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे आज बघायचंय.

सुरुवात एका पत्रापासून

१९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्सनी एक जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी त्यांच्या कंपनीनं बेसिक ही भाषा तयार केली होती. हौशी मंडळी ती एकमेकांना कॉपी करून देत होती. गेट्सची तक्रार अशी, की अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिकचे पैसे भरलेत. हार्डवेअरचे पैसे देता, मग सॉफ्टवेअरचे का देत नाही, असा त्याचा एकूण सूर. हे सगळं अमेरिकेतलं बरं का. कॉपी करणं हा काही खास आपला शोध नाही.

आता थेट १९९५ वर येऊ. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. अमेरिकेत पूर्ण कॉपीची किंमत साधारण २१० डॉलर. त्या वेळच्या दरानं नुसता गुणाकार केला तरी साडेसहा हजार रुपयांच्या पुढे. फ्लॉपीवर घ्यायचं तर तेरा फ्लॉप्यांचा गठ्ठा. आणि सोयी कुठल्या? स्टार्ट बटण, टास्कबार, फाइलला लांब नावं देण्याची मुभा. आज हसू येईल, पण डॉसच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणाऱ्यांना हा मोठा दिलासा होता.

योगायोग बघा. त्याच वर्षी, १० मे १९९५ ला, आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या सुधारणा लागू झाल्या. त्यात कलम ६३-ब आलं. चोरीची प्रत आहे हे माहीत असूनही जो कॉम्प्युटर प्रोग्राम वापरेल, त्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. म्हणजे विंडोज ९५ देशात यायच्या तीन महिने आधीच कायदा तयार होता. बाजार मात्र आपल्या वाटेनं गेला.

कोटेशनमधली रिकामी ओळ

२००० च्या आसपास नाशिकमध्ये, नाशिकच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात घरी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे असेंबल्ड घ्यायचा. ब्रँडेड मशीन बँका आणि कंपन्यांसाठी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले लोक, शिक्षक, छोटे व्यापारी, सगळे ओळखीच्या दुकानदाराकडून कोटेशन घ्यायचे.

आमच्या घरचं कोटेशन मला चांगलं आठवतं. २००३ सालचं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, सीडी रायटर, १५ इंची मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस, स्पीकर आणि यूपीएस. प्रत्येकाची कंपनी आणि किंमत वेगळी लिहिलेली. यूपीएस कशासाठी हे नाशिककरांना सांगायला नको, लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. एकूण तीसेक हजार. आणि या सगळ्या यादीत विंडोजची ओळच नव्हती. वडिलांनीही विचारलं नाही, कारण मशीन घरी आलं तेव्हा त्यात विंडोज एक्सपी होतंच. जसा फ्रिजमध्ये बर्फाचा ट्रे असतो, तसं.

आता एक्सपीची खरी किंमत काय होती? २५ ऑक्टोबर २००१ ला ते आलं तेव्हा अमेरिकेत होम एडिशनची पूर्ण कॉपी १९९ डॉलर, प्रोफेशनल २९९. डॉलर तेव्हा ४८ रुपयांच्या आसपास. म्हणजे होम साडेनऊ हजार, प्रोफेशनल चौदा हजारांच्या वर. नव्या मशीनबरोबरची ओईएम कॉपी त्याहून स्वस्त पडायची हे खरं, पण तरीही तीस हजारांच्या कोटेशनमध्ये ती ओळ घातली असती तर रॅम किंवा मॉनिटर कमी करावा लागला असता. रॅम हातात धरता येते. विंडोजची सीडी तर दुकानदाराकडे होतीच. मग गिऱ्हाइकानं काय निवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

याच काळात आपल्या बोलीत दोन शब्दप्रयोग रुळले. “फॉरमॅट मारणे” आणि “विंडोज मारणे”. पंपानं सायकलमध्ये हवा मारतात ना, तसंच. ऑपरेटिंग सिस्टिम ही वस्तू राहिली नाही, ती दुरुस्तीतलं एक काम झाली. व्हायरस आला, मशीन स्लो झालं, की शंभर-दोनशे रुपयांत मारून घ्यायचं.

कंपनीलाही हे कळत होतं. एक्सपीमध्ये म्हणूनच ‘ॲक्टिव्हेशन’ आणलं. तीस दिवसांत इंटरनेटवरून किंवा फोनवरून नोंदणी करायची. फोनवर करायची तर पन्नास आकडी क्रमांक वाचून दाखवायचा! नाराज कोण झालं? पैसे भरून घेणारे. कारण मोठ्या कंपन्यांना दिलेल्या व्हॉल्यूम लायसन्सला ॲक्टिव्हेशन लागायचं नाही, आणि तसली एक की एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली होती. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये ती अडवली गेली, पण तोवर नवी वाट सापडली होती. थोडक्यात, ज्यानं पैसे भरले त्यानं आकडे वाचायचे, आणि ज्यानं भरले नाहीत त्याला काहीच त्रास नाही.

मराठी : सोय होती, पण बंद

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. या सगळ्यात मराठी कुठे होती?

त्या काळी मराठीत काम करायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकचं आयएसएम. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी तर डीटीपीवाल्यांच्या घराघरात. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळं त्यातच. आणि ही सॉफ्टवेअरं हार्डवेअर लॉकसह मिळायची. प्रिंटरच्या पोर्टला एक छोटी डबी लावायची, ती नसेल तर फॉन्ट चालत नसत. आता गंमत बघा. ज्या टेबलावर विंडोज फुकटचं, पेजमेकर आणि कोरल ड्रॉ फुकटचे, त्याच टेबलावर मराठीचे पैसे मात्र मोजलेले असायचे, कारण लॉक होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला जे पैसे आपण दिले नाहीत, ते मराठी अक्षरासाठी दिले. बरं, एका फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्यात उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी.

यावरचा खरा उपाय विंडोजमध्येच आला होता. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी होती आणि तिच्यासाठी ‘मंगल’ नावाचा फॉन्ट. हा फॉन्ट घडवला आपल्याच एका मोठ्या माणसानं, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईचे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी. एक्सपीतही मंगल होता. पण देवनागरी मुळात बंद असायची. कंट्रोल पॅनेलमधल्या रिजनल सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात टिचकी मारायची. लगेच मशीन म्हणायचं, विंडोजची सीडी घाला. आता सीडी कुठे? दुकानदाराकडे!

म्हणजे ज्या गिऱ्हाइकानं विंडोज विकत घेतलं नव्हतं, त्याच्या मशीनमध्ये मराठी होती, पण तिची किल्ली दुकानात होती. कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं कळलंच नाही, की वेगळं काही न घेताही मराठी टाइप करता येते. व्हिस्टापासून ही सोय आपोआप चालू राहू लागली. बारकावे मात्र पुढेही छळत राहिले. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. जुन्या फॉन्टमध्ये ते नसल्यामुळे ‘ॲप’ लिहिलं की समोरच्याला चौकोन दिसायचा.

माझं म्हणणं एवढंच, की ज्या गिऱ्हाइकाची पावती नसते, त्याची तक्रारही कुठे पोचत नाही. इंग्रजी विंडोज घेणारा अमेरिकन गिऱ्हाईक दुकानात डबा परत करू शकत होता. नाशिकचा माणूस मराठीसाठी कोणाकडे दाद मागणार होता?

थायलंडनं काय केलं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

२००३ मध्ये थायलंडच्या सरकारनं लोकांसाठी स्वस्त कॉम्प्युटरची योजना काढली. त्यात लिनक्स घातलं, फुकट आणि कायदेशीर. लोकांच्या उड्या पडल्या. मायक्रोसॉफ्टनं मग काय केलं असेल? त्या योजनेसाठी विंडोज आणि ऑफिस, दोन्ही मिळून १,४९० बाटमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हाच्या हिशोबानं सतराशे रुपयांच्या आसपास! जी वस्तू इतर ठिकाणी काही हजारांना, ती तिथे शेकड्यांच्या भावात. कारण समोर दुसरा पर्याय उभा होता, आणि तो घेणारं गिऱ्हाईक खरं होतं.

त्यातूनच २००४ मध्ये ‘विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन’ जाहीर झालं. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, मग रशिया आणि भारत. आपल्याकडे २००५ मध्ये ते आधी हिंदीत आलं. स्वस्त, पण अटी किती! एका वेळी तीनच प्रोग्राम चालणार. घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडता येणार नाहीत. वेगवेगळी युजर खाती नाहीत. आणि सुटं विकत मिळणार नाही, नव्या स्वस्त मशीनबरोबरच मिळणार.

आपल्या गिऱ्हाइकाची प्रतिक्रिया सरळ होती. शेजारच्याकडे तीसेक हजारांच्या मशीनवर एक्सपी प्रोफेशनल, काही अटी नाहीत, पैसेही नाहीत. मग मी पैसे भरून तीन खिडक्यांचं घर का घेऊ? प्रामाणिक माणसाला अर्धं आणि बाकीच्यांना पूर्ण, असा तो सौदा होता. तो चालला नाही यात नवल काही नाही.

न आलेलं लिनक्स

मग प्रश्न येतो, की लिनक्स आपल्याकडे का आलं नाही? चेन्नईच्या सीडॅकनं २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं, त्यात भारतीय भाषा होत्या. उबुंटूची सीडी तर टपालानं घरपोच, फुकट यायची. केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या.

आपल्याकडे २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटीची लाट आली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायचं, त्यामुळे गावोगावी सेंटर उघडली. लाखो मराठी मुलांनी, गृहिणींनी, पन्नाशीतल्या कारकुनांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो तिथे. हे काम मोठं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण शिकवलं गेलं ते विंडोज आणि एमएस ऑफिस. मग घरी कॉम्प्युटर घेताना वेगळं कोण मागणार?

आणि दुसरं कारण त्याहून पक्कं. लिनक्सची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे ते फुकट आहे. पण आपल्या बाजारात विंडोजही फुकटच होतं! दोन्ही फुकट असतील तर माणूस ओळखीचं घेतो. गेट्सनी स्वतः १९९८ मध्ये, चीनबद्दल बोलताना, विद्यार्थ्यांसमोर हे जवळजवळ कबूल केलं होतं. लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरावं, त्यांना सवय लागेल, पैसे कसे घ्यायचे ते पुढच्या दशकात बघू, असा त्याचा आशय. बाजाराची नाडी त्यांना आपल्यापेक्षा बरी कळली होती असं म्हणायला हवं.

पुरावा हवाय? २००७ च्या शेवटी आसूसचा ‘ई पीसी’ हा छोटा, स्वस्त लॅपटॉप लिनक्ससह आला आणि जगभर खपला. लगेच मायक्रोसॉफ्टनं जुनं एक्सपी अशा छोट्या लॅपटॉपसाठी सवलतीत देणं चालू ठेवलं, खरं तर ते बंद करायचं ठरलं होतं. जिथे पर्याय उभा राहिला तिथे किंमत उतरली. आमच्या दुकानात ‘डॉस’वाला किंवा उबुंटूवाला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळायचा, पण लोक तो घेऊन त्याच काउंटरवर विंडोज मारून घ्यायचे. पर्याय समोर होता, आपण त्याला पर्याय होऊ दिला नाही.

व्हिस्टा ते अकरा, भरभर

व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये आलं. देखणं, पण जड. आपल्या ५१२ एमबी रॅमच्या मशीनला ते झेपेना. त्यामुळे दुकानात उलटी मागणी सुरू झाली, “व्हिस्टा काढून एक्सपी मारा.” ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं, ते लोकांना मनापासून आवडलं. भारतात त्याच्या किमती साधारण ५,९०० पासून ११,८०० पर्यंत. आपल्यासारख्या देशांसाठी ‘होम बेसिक’ नावाची खास आवृत्ती, त्यात काचेसारख्या पारदर्शक खिडक्या नाहीत. आणि ‘स्टार्टर’मध्ये तर वॉलपेपरसुद्धा बदलता यायचा नाही! देवाचा किंवा लेकराचा फोटो स्क्रीनवर लावता येत नसेल, तर आपल्या घरात तो कॉम्प्युटर परकाच.

मग ऑक्टोबर २०१२. विंडोज ८. इथे पहिल्यांदा किंमत खरोखर खाली आली. जुन्यावरून नव्यावर जायला सुरुवातीच्या काळात १,९९९ रुपये, आणि नवं विंडोज ७ मशीन नुकतंच घेतलेल्यांना ६९९. मी ओळखीत पहिल्यांदा लोकांना स्वतःहून विंडोज विकत घेताना पाहिलं ते याच वेळी. भाव परवडला तर आपला माणूस पैसे भरतो, हे तेव्हा दिसलं. पण नशीब असं, की नेमकं त्याच विंडोजमधून स्टार्ट बटण गायब! “बंद कुठून करायचं?” हा प्रश्न विचारून विचारून दुकानदार थकले. वर्षभरात, ८.१ मध्ये, बटण परत आलं. सवलतीची किंमत मात्र परत आली नाही.

२९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं, आणि विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. मार्चमध्ये कंपनीनं आधी म्हटलं होतं, की नकली कॉपीवाल्यांनाही घेता येईल. मेमध्ये खुलासा झाला, की फुकट फक्त अस्सलवाल्यांना. पण आपल्याकडची तक्रार वेगळीच होती. अपडेट काही जीबींचं, आणि घरात डोंगल. न विचारता डाउनलोड सुरू झालं की महिन्याचा डेटा एका रात्रीत साफ. फुकटाची मुदत संपली २९ जुलै २०१६ ला, आणि जिओ सुरू झालं ५ सप्टेंबरला. म्हणजे फुकट विंडोज गेलं आणि मग पाच आठवड्यांनी स्वस्त डेटा आला.

आणि आता विंडोज ११. अपग्रेडला पैसे नाहीत, पण टीपीएम २.० चिप हवी, प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. धडधाकट चालणारी मशीनं नियमात बसत नाहीत. विंडोज १० वरच राहायचं तर एक वर्ष जादा सुरक्षा अपडेट मिळतात, तीस डॉलर भरून, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप ठेवून. किंमत तर आजही आहे. फक्त ती आता नव्या मशीनच्या आणि खात्याच्या रूपात मागितली जाते.

मग यातून काय घ्यायचं?

मी इथे कोणाला चोर म्हणायला बसलेलो नाही. साडेनऊ हजारांची सीडी २००१ च्या नाशिकमध्ये कोणी घ्यायची, हा प्रश्न आजही रास्तच आहे. त्या फुकटच्या एक्सपीवर एक अख्खी पिढी शिकली, तिनं सायबर कॅफे चालवले, डीटीपीचे धंदे काढले, पुण्या-बंगळुरात नोकऱ्या मिळवल्या. तो फायदा खरा आहे.

पण तोटाही खरा आहे, आणि तो आपण फारसा मोजला नाही. थाई माणसानं दुसरं काहीतरी निवडून दाखवलं, तर त्याच्यासाठी भाव उतरला. आपण निवडलंच नाही, नुसतं मारून घेतलं. म्हणून ना भाव ठरवताना आपला आवाज होता, ना सोयी ठरवताना. मराठी चौकोनाआड बंद राहिली तरी कोणाला जाब विचारायची सोय नव्हती.

आज संधी पुन्हा आली आहे. विंडोज ११ मध्ये न बसणारं मशीन घरात असेल, तर ते भंगारात घालण्याआधी एकदा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू चालवून बघा. पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून बघता येतं. मराठी त्यात सहज चालते, कुठलीही सीडी मागत नाही. नाही आवडलं तर विंडोज आहेच. पण या वेळी निवडून घ्या.

तुमच्या घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये विंडोजची ओळ होती का? जुनं कोटेशन सापडलं तर बघून नक्की कळवा. आणि डीटीपीवाल्या मंडळींनो, तुमच्या हार्डवेअर लॉकच्या आठवणी तर हव्यातच, त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे.